फेरी बंद

सुई टोचण्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
"शाबलोबाब, काम काय करत होता?"
म्हटलं, फेरीबोटीवर खलाशी. रायबंदर ते चोडण.
एकतीस वर्षं साखळी सोडली, साखळी ओढली,
आणि बोट नीट लागायच्या आत
डाव्या पायावर उडी मारली धक्क्यावर.
"मग हाच तो पाय," त्या म्हणाल्या.
हाच.

जांघेवर गार जेल. त्यावर
साबणाच्या वडीएवढं यंत्र.
पडद्यावर करडं पाणी हललं.
त्यांनी बोटाने दाखवलं: ही धडधडतेय ती धमनी,
हा स्नायू, आणि ह्या पापुद्र्याखाली, ठिपक्याठिपक्यांची, नस.
"नसेला आम्ही हात लावत नाही.
शेजारी औषध सोडतो. बाकीचं ते बघतं."
मग एक काळी फट उघडली, रुंदावत गेली,
मानशीचं दार वर केल्यावर
खाजनात पाणी शिरतं तशी,
कुणालाही न ढकलता.

सांधा बदलला तेव्हा मी होतो, नव्हतो.
सुताराच्या कारखान्याबाहेर बसल्यासारखे आवाज.

रात्री नऊला सिस्टर फिलू आली.
"दुखता?"
"ना."
अकराला परत. "ना."
इतकं सरळ उत्तर मी शेवंतीलाही कधी दिलं नसेल.
मागच्या बाजूला, कुल्ल्याशी, थोडं ठणकत होतं,
तिथवर ते औषध पोचत नाही म्हणे.
पुढची मांडी मात्र माझी असून
हाक मारली तर ओ देत नव्हती.
"एकट्याने उठायचं नाही," फिलूने बजावलं.
"पाय आहे असं वाटेल. भरवसा ठेवू नका.
आणि पहाटेकडे हे उतरेल. जरा जाणवलं की बेल दाबा,
गोळी आधी घ्यायची.
दुखणं पोचल्यावर धावाधाव करून उपयोग नाही."

बांबोळीच्या त्या वॉर्डात झोप आली नाही.
शेजारचा घोरत होता, साळगावचा,
त्याचं बोटाचं हाड.
मला आठवली ती वाऱ्याची रात्र.
फेरी बंद, बोट रायबंदरला बांधलेली,
मी डेकवर गोणपाट पांघरून.
आणि पलीकडे, चोडणच्या धक्क्यावर,
एक बॅटरी.
लागायची, विझायची. लागायची, विझायची.
सारंग म्हणाला, पाहू नकोस, झोप.
हुकूम होता, लाटाही होत्या,
पण मी पाहिलं, आणि मग पाठ फिरवली.
पाठीवरही ती बॅटरी लागत होती, विझत होती.

सकाळी पहिल्या फेरीला तो चढला.
पायजमा गुडघ्यापर्यंत ओला,
मांडीवर रिकामा थर्मास.
बोलला नाही. मीही विचारलं नाही
घरी कोण, काय, कधीपासून.
साखळीकडे बघत राहिलो.
बावीस वर्षं झाली. त्याचा चेहरा विसरलो,
थर्मासचं झाकण लाल होतं.

आज कळतंय, दुखणं कुठे गेलेलं नसतं.
ते पलीकडे उभं असतं, त्याच धक्क्यावर,
कापलेलं हाड, ओढलेले स्नायू, सगळं घेऊन,
आणि ह्या बाजूला कुणीतरी दया म्हणून
बोट बांधून ठेवलेली असते.
डॉक्टरीणबाईंचे उपकारच आहेत. मी झोपलो नसेन,
पण ओरडलोही नाही, आणि शेवंती
खुर्चीत तोंड उघडं टाकून गाढ झोपली
कित्येक महिन्यांनी.

चार वाजून दहा मिनिटं.
अंगठा हलला. माझ्या मनाने हलला.
मग गुडघ्याच्या वर मुंग्या,
मग आत, फार आत,
एकदा लागलं, विझलं.

ह्या वेळी मी पाठ फिरवली नाही.
फिरवता येण्यासारखी नव्हतीच म्हणा.
बेल दाबली.
फिलू चपला फरफटवत आली, हातात गोळीची वाटी.
"दुखता?"
"येता," मी म्हटलं.
"अजून पाण्यात आहे."