तीन पिशव्या

रिजक्रेस्टला लोर्ना टॅकेटकडून गाडी घेतली
तेव्हा सुट्या भागांच्या खोक्यात तीन पिशव्या निघाल्या,
झिपच्या, सँडविच ठेवतात तसल्या.
प्रत्येकीत फोमचा एक फिल्टर,
धुतलेला, तेल पाजलेला, लालचिकट.
वर मार्करने रविवारांच्या तारखा.
तिन्ही रविवार डेल गेल्यानंतरचे.

"रात्री टीव्हीसमोर बसून मळायचा," ती म्हणाली,
"सोफ्याला डाग आहे अजून."

मोजावीची धूळ पिठीसारखी,
दातांत नाही, दातांच्याही मागे जाते.
मी पहिला रविवार वापरला. मग दुसरा.
तिसरा वापरवेना, म्हणून आज
मळका फिल्टर घेऊन गॅरेजात बसलोय.

पिळायचा नाही, जोड उकलतो.
मुठीत दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा.
घासलेटात आधी कॉफी उतरते, मग चहा,
तिसऱ्या खेपेला घासलेट घासलेटासारखं दिसतं.
सावलीत वाळवला.
कणकेला लावतात तसा तेलाचा हात.
जास्त झालं. टिपलं. आता एका कोपऱ्यात कमी.
कडेला बोटभर ग्रीस.

बसवण्याआधी इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत
पांढरं फडकं गुंडाळून बोट फिरवलं.
कोरं.
सतरा वर्षं वाळवंटात हिंडलेली गाडी
आणि बोट कोरं.

उरलेला जुना फिल्टरही धुऊन, मळून
माझ्या पिशवीत घातला. मार्कर उघडला.
तारीख घालताना हात थबकला.
नुसतं 'रविवार' लिहिलं,
तर तेलकट बोटाखाली
'र' लगेच पसरला.