रिपोर्ट

"हा तीळ कवाचा तुमाले?"
सुगंधानं कानामागं बोट लावलं,
तीळ हलला.

गोरेवाड्याच्या गवतातून सोबत आलेली गोचीड.
एका चाव्यात दोन ताप,
मेडिकलमध्ये कळलं तेही
पहिल्याच्या गोळ्या संपल्यावर.

आता रक्त कोरं आहे.
तरी सकाळी बोटांना बटण सापडत नाही,
रोजच्या पाखराचं नाव
जिभेवर येऊन बसतं, उडत नाही.
साहेब विचारतात,
"काहून कुमरे, अजून सुट्टीच?"
मी रिपोर्ट पुढं करतो.
तो माझ्याचविरुद्ध साक्ष देतो.

रात्री सुगंधा मोबाइलच्या उजेडात
कान, मान, काखा तपासते.
"काईच नाही."

मी म्हणतो, पुन्हा पाह्य.