पाटी उचलण्यापुरता वेळ

सत्त्याण्णव सालची सायकल. रंग जांभळा,
म्हणजे जिथं उरलाय तिथं.
पोलादी फ्रेम. एकदा उचलून घेऊन
सोसायटीच्या वजनकाट्यावर उभी राहिले,
तर काटा आधी माझ्याबद्दलच बोलला.

ब्रेक मात्र जुन्या पद्धतीचे,
दोन्ही कोपरं बाहेर काढलेले,
भांडायला कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या बाईसारखे.
आवाज भरपूर.
थांबवणं जमेल तसं.

दोन वर्षांपूर्वी येऊरच्या उतारावर
दोन्ही लिव्हर मुठीत आवळून खाली येत होते.
सायकल किंचाळत होती, मी गप्प होते.
पुढचं चाक थेट सोनी वरठाच्या करवंदांत.
तिनं आधी चाक बघितलं, मग करवंदं, मग मला.
ऐंशी रुपये मोजून घेतले.
आणि चेंदलेल्यातली त्यातल्या त्यात बरी निवडून
द्रोणात भरून माझ्या हातात दिली.
"विकत घेतलीस ना? मग ने."

त्यानंतर कुठल्याही रविवारी वळणावर आले
की सोनी पाटी डोक्यावर घेऊन उभी दिसे.
मला वाटे, निघालीच असेल घरी.

यंदा ठरवलं. फ्रेम ठेवायची, ब्रेक बदलायचे.
दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडम, एवढ्यात नवी येईल."
नवी येईल हे मलाही ठाऊक होतं.
मागचा डावा बोल्ट अठ्ठावीस वर्षं तिथंच बसलेला,
पान्याला म्हणाला, नाही,
आणि मान मोडून घेतली.

म्हणून वागळे इस्टेट. पुळेकरांचं लेथ.
पत्र्याखाली सकाळी दहालाच भट्टी.
त्यांनी तुटक्या बोल्टात उलट्या आट्याचं ड्रिल घातलं,
जरा जरा, मध्ये तेल, मध्ये थुंकायला बाहेर.
"लोखंड आहे म्हणून बरं," ते म्हणाले,
"हे वाकतं, कुरकुरतं, मग तुटतं.
ॲल्युमिनियम सांगत नाही काही."
सहा एमेमचे नवे आटे पाडले, फुंकर मारली,
आणि पैसे किती विचारल्यावर
छताकडे बघत राहिले. शेवटी पन्नास.

बाकीचं घरी, गॅलरीत, वर्तमानपत्रावर.
नव्या ब्रेकचे हात सरळ, उंच, अंग चोरून उभे.
त्यांना तार दुप्पट ओढावी लागते,
म्हणजे जुने लिव्हरही गेले. ते मी टाकले नाहीत.
स्प्रिंगचं टोक खालच्या भोकात ढिलं,
वरच्यात ताठ, मधल्यात ठीक.
हे कळायला एक अख्खा शनिवार.
आणि किंचाळू नये म्हणून
पॅडच्या मागच्या टोकाखाली
लग्नपत्रिकेचा घडी केलेला तुकडा धरून
नट आवळला, तुकडा ओढून काढला.
पॅड रिमला आधी नाक लावतं आता, मग पोट.
तुकड्यावर उरलं होतं: "आपली उपस्थिती हाच"

रविवारी उतार.
एक बोट. खरंच, एकच बोट,
आणि सायकल हात जोडल्यासारखी थांबली,
पाटीपासून वीतभर अलीकडे.
सोनी दचकून मागं सरकली.
दोन करवंदं घरंगळत रस्त्यापर्यंत गेली.
"कुठून आलीस?"
मी ब्रेक दाखवले. बोट दाखवलं.
पुळेकरांचंही सांगितलं थोडं.
ती खाली वाकून चाकाकडे बघत राहिली.
"मुकी केलीस तिला.
ओरडायची, तेव्हा पाटी उचलायला वेळ तरी मिळायचा."

दोन वर्षांचे रविवार
माझ्या डोक्यात एकेक करून उभे राहिले,
प्रत्येकाच्या डोक्यावर पाटी.

मी द्रोण घेतला, पैसे दिले. या वेळी तिनं मोजले नाहीत.
"घंटी बसव एक," ती म्हणाली,
"नाहीतर तूच ओरड."

खालच्या वळणावर कुणी नव्हतं.
तरी ओरडून पाहिलं.
निघाला आवाज. सुरुवातीला जरा गंज आला.