‘इतर’ या रकान्यात

गळ्यातल्या पट्ट्यावर लिहिलंय: फहमिदा सोलकर, फेलो.
खाली बारीक अक्षरात, जैवतंत्रज्ञान नियमन.
अकरा महिने. दरमहा मानधन. प्रवासखर्च वेगळा,
एसटीचं तिकीट भिजू दिलं नाही तर.

जैतापुरात अब्बांनी विचारलं,
म्हणजे तू बियाणं बनवणार?
नाही.
विकणार?
नाही.
मग?
मी बघणार.
त्यांनी रंधा पुन्हा होडीच्या फळीवर ठेवला.
संध्याकाळी इसाकचाचांना सांगत होते,
पोरीला बघायचे पैसे देतात.

दिल्लीत तीन आठवडे आम्हाला धोका शिकवला.
अपाय किती, आणि तो पोचेल कुणापर्यंत,
दोन्हींचा गुणाकार.
आम्ही चौदा जण, कुणी जोरहाटचा, कुणी धारवाडची,
सगळ्यांच्या वह्या नव्या, सगळ्यांचे बूट चावणारे.
जेवणाच्या रांगेत एकमेकांना विचारायचो,
हे संपल्यावर काय?
त्याचा गुणाकार कुणालाच जमेना.

आता वाघोटनच्या खाडीकाठी, खाजणात,
चार गुंठे भात आहे जाळीच्या आत.
खारं पाणी सोसावं म्हणून
त्यात एक जनुक दुसरीकडून आणून बसवलेलं.
कुलूप आहे. नोंदवही आहे. पहाऱ्याला झिलू तारी आहे,
तो टेपचं एक टोक धरतो, दुसरं मी.
जाळीपासून शेजारच्या बांधापर्यंत
वीस मीटर हवेत.
एकवीस भरतात, वर चार बोटं.
मी बरोबरची खूण करते
आणि त्या खुणेने बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

बांधापलीकडे सत्यभामा कुबल यांचा कोरगुट,
उंच, लालसर, कुसळांचा,
कुणी काही न बसवता खारात उभा.
त्या बांधावर बसून माझं मोजणं बघत होत्या.
‘फेलो म्हंजे? फेल झालंस?’
नाही आजी, शिकतेय अजून.
‘मगे वाच बघू, काय काय लिवलंस.’
मी वाचलं. वारा: मंद, नैऋत्येचा.
मधमाश्या: तुरळक. चिमण्या: जाळीबाहेर.
उंदरांची बिळं: दोन, बुजवली.
‘वारो असा, पाखरू असा, उंदीर असा.
पाणी खंय असा?’

पाणी नव्हतं.
चार पानांच्या अर्जात कुठेही भरती नव्हती.

‘गुदस्ता अवसेक बांधाक खांड पडली,
माजो तरवो व्हावान गेलो,
त्या बाबलाच्या कुणग्यात जावन रुजलो.
तेव्हा तू काय केला असतंस?
टेप घेवन उभी रवली असतंस?’
झिलू हसला. मग माझ्याकडे बघून थांबला.

सरांना फोन लावला. रेंज फक्त वडाखाली.
म्हणाले, निरीक्षण चांगलं आहे,
‘इतर’ या रकान्यात टाक, पन्नास शब्दांत.
पन्नास शब्दांत मी काय काय बसवलं:
बांधाची उंची, खांडीची जागा, अवसेचं पाणी,
आणि एका बाईचं नाव, जिला कुणी
या प्रयोगाबद्दल मराठीत काही सांगितलेलं नाही.
एकावन्न झाले. ‘बाई’ खोडून ‘शेतकरी’ लिहिलं,
तरी एकावन्नच.

निघताना नियमाप्रमाणे दारात
बूट झटकले, सलवारीची दुमड उलटून बघितली.
आतलं बाहेर जाऊ नये.
बाहेरचं आत नेलंय का, हे कुणी विचारत नाही.

रात्री देवगडला, स्टँडमागच्या खोलीत,
मोज्यात एक कुसळ सापडलं.
लालसर. किंवा दिव्याचा रंग तसा असेल.
खिडकीबाहेर कुणीतरी बोट ओढत होतं,
आवाजावरून पाणी चढत असावं.
मी पाकीट काढलं. तारीख लिहिली. वेळ लिहिली.
स्थळ:
पेन तिथेच टेकवून बराच वेळ बसले,
शाईचा एक ठिपका पसरत गेला,
आणि उद्या साडेसहाची एसटी होती.