एकशे दहा, एकशे पाच, तीनशे वीस

वारज्याच्या पुलाखाली, टायरवाल्याला लागून
माझा गाळा. शटर अर्धंच वर ठेवतो,
हायवेची धूळ आत येऊ नये म्हणून.
तरी येतेच.

चिरमुले आठच्या ठोक्याला हजर.
निळी गाडी, अकरा वर्षांची,
सर्व्हिसिंगच्या वहीलासुद्धा खाकी कव्हर.
"कोटिंग करायचंय. पण आधीच सांगतो,
गाडीला कुठेही लागलेलं नाही."
सगळेच सांगतात. मी बरं म्हणतो.

आधी पाणी, नुसतं पाणी.
हात लावायचा नाही.
सुटेल ती माती सुटू द्यायची,
उरेल तिला फेसात बसवून ठेवायचं,
रुसलेल्याला जरा वेळ देतात तसं.
मग दोन बादल्या. एक साबणाची,
दुसरी हातमोजा विसळायला.
वरून खाली, सरळ रेघेत.
गोल फिरवलास तर बघ, समाधानला मी रोज सांगतो
आणि तो रोज एकदा तरी फिरवतो.

काकांच्या सोसायटीत एक जण
पहाटे पाचला तीस गाड्या पुसतो
एका फडक्यात, अर्ध्या बादलीत.
गाडीमागे महिना चारशे. त्याला काय बोलणार?
पण दिवा तिरपा धरला की बॉनेटभर
त्या सगळ्या पहाटा दिसतात,
कोळिष्टकासारख्या बारीक.
टपावर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके,
डिकीवर कसल्याशा झाडाचा चीक.
औषध मारलं तेव्हा रंगात रुतलेली
मेट्रोच्या कामाची लोखंडी कुसळं
जांभळी होऊन ओघळली.
काका खाली वाकून बघत राहिले.
"हे सगळं आमच्याच गाडीवर?"

मग मीटर काढला, रंगाची जाडी मोजायचा.
मायक्रॉन म्हणजे किती, त्यांनी विचारलं.
केस साधारण सत्तर, म्हटलं, रंग त्याहून थोडाच जाड.
टोपी काढून म्हणाले,
"इथे मोजायला काही उरलेलं नाही."

बॉनेट एकशे दहा.
टप एकशे पाच.
उजवीकडची दारं एकशे बारा, एकशे नऊ.
डावं मागचं दार तीनशे वीस.
पुसून पुन्हा लावला.
तीनशे वीस.

खाली लांबी, वर रंग, त्यावर परत रंग.
काम मात्र सुरेख. नाना पेठेतला कुणीतरी जुना हात असणार,
छटा अशी जुळवलेली
की मीटरशिवाय मलाही कळलं नसतं.

काका चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसला.
"दोन हजार अठराचे गणपती.
आम्ही दोघं रत्नागिरीला, पाच दिवस.
ऋजुताची परीक्षा म्हणून ती इथेच. नवं कोरं लायसन.
परत आलो तर पार्किंगमध्ये रंगाचा वास.
म्हणाली, वरचं कपाट रंगवलंय."
थांबले.
"रंगवलं होतं खरंच. हिरवं. अजून आहे."

टायरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू होऊन बंद पडला.

"त्याच महिन्यात सायकल विकली तिनं.
गुडघा दुखतो म्हणाली.
मी डॉक्टरकडे नेली तिला.
दोनदा."

मी काही बोललो नाही.
त्या दारावर मशीन हलकं चालवलं,
मग छोट्या स्पंजावर सहा-सात थेंब,
आडवे हात, उभे हात,
इंद्रधनुष्यासारखी झाक आली की लगेच पुसायचं,
उशीर झाला तर डाग धरतो.

संध्याकाळी न्यायला तीच आली.
गाडीभोवती एक चक्कर मारली,
डाव्या मागच्या दाराशी जरा रेंगाळली,
बोटाच्या मागच्या बाजूनं हलकेच शिवून बघितलं.
काका तेव्हा टायरांचे भाव वाचत होते,
मोठ्यानं.

सात दिवस धुवायची नाही, मी सांगितलं.
पक्ष्यानं घाण केली तर ओलं करून उचला,
घासू नका. आणि त्या पहाटेवाल्याला
महिना द्या, फडकं लावू देऊ नका.

गाडी पुलाखालून वळून गेली.
"दादा," समाधान कागद घेऊन आला,
"आधीचं रंगकाम, हा रकाना मोकळाच राहिलाय."
राहू दे म्हटलं,
आणि मातीची बादली ओतायला बाहेर गेलो.