एकोणीस अंश

रुवैसच्या यार्डात, रात्री दोनला,
आम्ही पिंपात उकळतं पाणी भरलं.
पिंपाची एक बाजू काळी,
दुसरीवर नवा लेप : पातळ, चकचकीत,
पापुद्र्यासुद्धा हिशोबात धरलेला.

कॅमेऱ्यात काळी बाजू पेटलेली.
लेपाची बाजू नाहीच.
तिथे फक्त वरचं आकाश,
धातूने उसनं घेऊन पांघरलेलं.
पडद्यावर आकडा : एकोणीस.

साहेब म्हणाले, लपलं.
रणगाडा असो, टाकी असो, लपलं.

परकारने आकड्यावर विश्वास ठेवला
आणि तळवा टेकवला.

ओरडला नाही. "आयला" म्हणाला, हळू,
जणू कुणाची लबाडी उशिरा ध्यानात यावी.
मग पडद्यावर नुसता त्याचा तळवा,
पांढराफेक,
बोटं मोजून घ्यावीत असा.

पहाटे दाभोळला फोन.
चौकटीत दाढी, टोपी, हसू.
हात चौकटीबाहेर, बर्फाच्या डब्यात.
"उकाडा लय आहे का?" तिने विचारलं.
"नाय गं. गारच आहे हितं."

मी कॅमेऱ्याची काच पुसत होतो.
त्याच्याकडे वळवला नाही.