हिप्परग्याच्या काठावर

यंदा पट्टकदंब उशिरा आले,
कुठल्याशा गोठलेल्या तळ्यावरून उठून
थेट हिप्परग्याच्या गाळात.

मी वाकून त्यांची विष्ठा कुपीत भरतो.
नरसम्मा विचारते, "साहेब, माझ्या कोंबड्या?"
तोंडावर मास्क आहे, बरं आहे.

तिकडे म्हणे बर्फात तो महिनोन् महिने पडून राहतो,
ना जिता ना मेला,
तळं वितळायची वाट बघत.
इथलं ऊन त्याला चार दिवस टिकू देणार नाही.
एप्रिलभर आम्ही ज्याला शिव्या घालतो, ते ऊन.

पण पुण्याच्या लॅबपर्यंत तो मरून चालत नाही.
जेलपॅक संपलेले.
विजापूर वेशीतल्या रसवाल्याकडून
वीस रुपयांचा बर्फ घेतला.
भुसा झटकत तो म्हणाला,
"जपून न्या, लगेच पाणी होतंय."